न सुटलेला गोऱ्हा

भरतीची तयारी करणारी पोरं सोडली, तर गोंदिया जिल्ह्यात कारणाशिवाय धावलेला पहिला माणूस म्हणजे माझे थोरले भाऊजी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. भाऊजी कामठ्याचे, धानाचे शेतकरी, वयाने पन्नाशी ओलांडलेले आणि पोटाने त्याच्याही पुढे गेलेले. गोंदियाच्या डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून "रोज सुबह पैदल चलिए" असा सल्ला दिला, तो त्यांना अपमानच वाटला. "चालनं तं मी जन्मभर चालूनच राहिलो," ते माझ्या बहिणीला म्हणाले, "तेच करायचं तं डाक्टरकडे कायले गेलो?" मग त्यांनी आपल्या अधिकारात डोस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पायजमा वर खोचून रस्त्यावर धाव घेतली.

वाघ मागे लागल्यासारखे सुटले आणि गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. पण दम लागणं ही किरकोळ बाब होती, खरी अडचण गावाची होती. गावात मोठा माणूस धावतो तो कोणी गेलं, कुठे आग लागली किंवा बस चुकत असली, तरच. एकाने हळू आवाजात "कोन गेलं गा?" म्हणून विचारलं. दुसरा काही न विचारता बादली घेऊन निघाला. तिसऱ्याने मोटरसायकल थांबवली, "बसा मागे, कायले पायाले तरास देता" म्हणत त्यांना बसवलं आणि दारात आणून सोडलं. भाऊजींचा पहिल्या दिवसाचा व्यायाम असा परतीच्या वाटेवर पेट्रोलवर झाला.

चौथ्या दिवशी त्यांनी गोठ्यातल्या खुंटीवरचं दावं काढून हातात घेतलं, आणि सगळे प्रश्न मिटले. हातात दावं घेऊन धावणाऱ्याला "काऊन धावून राहिले?" असं कोणी विचारत नाही. "कोन्या बाजूले गेला?" एवढंच विचारतात. भाऊजींच्या घरी एक गोऱ्हा होता. इतकं गरीब जनावर मी पाहिलं नाही. दावं सोडलं तरी तो उठायचा नाही, बहिणीला त्याला ढकलून बाहेर काढावं लागे. पण महिनाभरात हाच गोऱ्हा पंचक्रोशीत उनाड म्हणून गाजला. धान उभं असताना सुटलेलं जनावर म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला घोर. त्यामुळे दोघे-चौघे रोज भाऊजींसोबत शेतांच्या बांधांवरून, धुऱ्या-धुऱ्यांनी पळू लागले. त्यात शेजारचे एक म्हातारे बुवा होते, ते तर दोन्ही चपला हातात घेऊन पळायचे. एकदा ही सगळी मंडळी न सुटलेल्या गोऱ्ह्यामागे पार शेजारच्या गावापर्यंत गेली आणि तिथे चहा पिऊन आली.

मी नागपूरहून गेलो की भाऊजी मलाही ओढून नेत. एकदा मोहाच्या झाडाशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरून विडी ओढल्याची कबुली द्यावी तसं म्हणाले, "कोनाले सांगशील नाही. आधी मी जीव घेऊन धावत होतो, तं छाती फुटत होती. मंग एक दिवस थकलो म्हनून हळूहळू धावलो. दमच नाही लागला गा. धानाचा वास आला. मजा आली." साखरेचं आता निमित्तच उरलं होतं. पण गावाला हे कळलं, तर चेष्टा होईल, बहीण त्यांचं धावणं बंद करील, याची त्यांना खरोखर धास्ती होती. इतका मोठा माणूस आनंद लपवून ठेवतो याचं मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

शेवटी गावाच्या चांगुलपणानेच घात केला. एका सकाळी मंडळींनी त्या गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधायला चांगलं जाडजूड लोढणं तासून आणलं. भाऊजी धावायला गेलेले. मी आणि बहीण गोठ्याशी, आणि गोऱ्हा खुंट्याला, डोळे मिटून रवंथ करतोय. एवढ्यात घामाने निथळत, हातातलं दावं हलवत भाऊजी आले.

"गोऱ्हा तं इथंच आहे," म्हातारे बुवा म्हणाले. "मंग तुमी कोनाले शोधून राहिले?"

भाऊजींनी गोऱ्ह्याकडे पाहिलं, लोढण्याकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं. "कोनालेच नाही," ते म्हणाले. "लहानपनी धावत होतो तवा कोनी विचारत नोता, काऊन धावून राहिला म्हनून. आता मजा येते म्हनून धावतो, बस."

बहिणीने त्यांच्या हातातून दावं घेतलं आणि खुंटीवर टांगलं. "मले पयल्या दिवसापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "गोऱ्ह्याले रोज मलेच तं चारा टाका लागते. उद्यापासून रिकाम्या हातानं जा."

तेव्हापासून भाऊजी रिकाम्या हाताने धावतात. चेष्टा आठवडाभर झाली आणि विरली. साखर उतरली, मोहाचं झाड केव्हाच मागे पडलं. पण मागच्या खेपेला ते जरा उदास दिसले. "गोऱ्हा सुटत होता तवा चार जन संगं राहत," ते म्हणाले. "मजेसाठी कोनी येत नाही गा."

दुसऱ्या दिवशी ते निघाल्यावर मी खुंटीवरचं दावं काढलं आणि त्यांच्या मागे धावत सुटलो. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बुवांनी हाक मारली, "आता कोन सुटला गा?"

मी पुढे धावणाऱ्या भाऊजींकडे बोट दाखवलं. बुवा उठले आणि त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या.