मी हेंकला न्यायमूर्ती केलं

आधी चहा ओतून घ्या. हे सांगताना मी मध्ये थांबलो, तर पुन्हा सुरुवात करायचा धीर होणार नाही. आणि उइटहॉर्नमध्ये माझ्याबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर ते खरं आहे. लोकांनी वाढवून सांगितलंय असं म्हणायचीही सोय नाही. वाढवायला त्यात मी जागाच ठेवली नव्हती.

तर झालं असं. आमची मेहुणी अमेरिकेत असते. ती ज्या राज्यात राहते, तिथे म्हणे न्यायाधीशसुद्धा लोक मत देऊन निवडतात. मतपत्रिकेवर वर पुढारी आणि खाली न्यायाधीश. पुढाऱ्यांची तोंडं तरी पाहिलेली असतात, न्यायाधीश कोणाला माहीत? म्हणून ही बाई तिथल्या मराठी मंडळींसाठी माहितीपत्रक करते. कोणता न्यायाधीश कसा, कुठे शिकला, कसे निकाल देतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने हे अर्धा तास ऐकवलं. माझी बायको मानसी म्हणाली, "बघ, काही लोक समाजासाठी करतात." आणि माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा सोफ्यावर आडवा होतो.

त्याच आठवड्यात मला मतदानाचं आयुष्यातलं पहिलं डच बोलावणं आलं. इथे नेदरलँड्समध्ये पाच वर्षं सलग राहिलं की पासपोर्ट भारतीय असला तरी खेमेंतेच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत मत देता येतं. सोबत घरोघर येते तशी उमेदवारांची यादीही आली. यादी कसली, सतरंजीच. एकेका पक्षाचा एकेक उभा रकाना, प्रत्येक नावापुढे एक गोल. एक गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा की झालं मतदान.

मी ती सतरंजी घेऊन शेजारच्या रियाबाईंकडे गेलो. सत्तरीच्या आहेत, माझं डच सुधारायचं त्यांनी मनावर घेतलंय. त्या म्हणाल्या, "मला विचारशील तर रेख्तर-कोलोम बघ. साधी, चांगली माणसं आहेत."

आता इथे लक्ष द्या. कोलोम म्हणजे रकाना. आणि रेख्तर म्हणजे न्यायाधीश. हे मला पक्कं ठाऊक होतं. डच भाषेच्या परीक्षेत काळा झगा घातलेल्या माणसाचं चित्र होतं, त्याखाली मी रेख्तर लिहिलं होतं आणि मला पूर्ण गुण मिळाले होते. उजवीकडे वळायचं असेल तर रेख्त्स, हेही ठाऊक होतं. पण 'उजवा अमुक' म्हणताना त्याच रेख्त्सचं रेख्तर होतं, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. रियाबाई बिचाऱ्या उजवा रकाना बघ म्हणत होत्या. मी ऐकलं, न्यायाधीशांचा रकाना बघ.

म्हणजे इथेही आहे तर! मी घरी आलो तो ताठ मानेने आलो.

उजव्या टोकाच्या रकान्यात पाचच नावं होती. माझी खात्रीच पटली. न्यायाधीश मोजकेच असणार, त्यांचा का बाजार भरतो? मी एकेकाची माहिती काढायला बसलो. पहिल्या बाई मुलांना पोहायला शिकवत होत्या. दुसरे फुलांच्या लिलावातून निवृत्त. तिसऱ्या बाईंचा गायनवृंद होता. चौथे शाळेत भूगोल शिकवत. आणि पाचवा हेंक, तीस वर्षं सायकलींचं दुकान. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. आली ना. पण माझ्यासारखा माणूस शंकेला बरोबर समजावतो. मी स्वतःला म्हटलं, हीच खरी लोकशाही. आपल्याकडे काळा कोट लागतो, इथे पोहणं शिकवणारी बाईसुद्धा न्यायासनावर बसते.

हेंकचं दुकान जवळच होतं, म्हणून मुलाखत त्याची घ्यायची ठरवली. साठीचा उंच माणूस, हाताला ग्रीस, कानामागे पेन्सिल. मी वही काढली आणि अख्खा संवाद डचमध्ये केला. मुद्दाम.

डचमध्ये खटल्याला झाक म्हणतात. अनेकवचन झाकन. दुकानालाही झाकच म्हणतात, ही माहिती मला त्या दिवशी नव्हती.

मी विचारलं, "आतापर्यंत तुम्ही किती झाकन चालवलीत?"

"दोन," हेंक म्हणाला.

"तीस वर्षांत दोनच?"

"दोन पुष्कळ झाली. पहिलं हे, अजून चालूच आहे."

तीस वर्षं चालू! मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

"आणि दुसरं?"

"त्याने फार डोकं खाल्लं. शेवटी बायकोच्या भावाला देऊन टाकलं."

मी पेन खाली ठेवलं. "बायकोच्या भावाला? कोणी हरकत नाही घेतली?"

"कोण घेणार? बायको खूश, तो खूश."

मी घरी येऊन हेंकच्या नावापुढे लिहिलं, 'कमालीचे पारदर्शक. नातेसंबंध लपवत नाहीत.'

असं करत चौदा पानांचं माहितीपत्रक झालं. मुखपृष्ठावर तराजू. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत सूचना: 'दोन गोल रंगवावेत. एक नगरसेवकासाठी कोणत्याही रकान्यात, आणि एक न्यायाधीशासाठी उजव्या टोकाच्या रकान्यात.' उइटहॉर्नच्या ग्रुपवर टाकलं, तिथून शेजारच्या अ‍ॅमस्टेलवेन गावाच्या ग्रुपवर गेलं. दिवसभर अंगठे आणि नमस्कार येत होते. एकाने लिहिलं, 'दादा, तुम्ही नसता तर आम्ही अंधारातच राहिलो असतो.' हा मेसेज मी मानसीला दोनदा दाखवला.

मग मला वाटलं, नुसतं पत्रक कशाला, प्रत्यक्ष भेटच घडवू. शनिवारी दुपारी ग्रंथालयाची खोली घेतली. हेंकला म्हटलं, आमच्या लोकांना तुमचं मार्गदर्शन हवंय. तो लगेच हो म्हणाला. चाळीसेक माणसं आली. मानसीने बटाटेवडे केले, कोणीतरी शाल आणली, नारळही मिळाला.

हेंक आला तो एका हातात पंप, दुसऱ्या हातात पाण्याची बादली आणि खांद्यावर सायकलची ट्यूब घेऊन. लोक माझ्याकडे पाहायला लागले. मी हळूच म्हटलं, "थेट कामावरून आलेत. साधेपणा बघा."

मी दोन्ही भाषांत त्याची ओळख करून दिली, "हे आपले रेख्तर रकान्यातले उमेदवार." हेंकने मान डोलावली. का नाही डोलावणार? होताच तो उजव्या रकान्यात. शाल घातल्यावर त्याने ती नीट चाचपून पाहिली आणि नारळ बादलीशेजारी ठेवला.

पहिला प्रश्न नेहा कुलकर्णीचा. "आमच्या कुकरच्या शिट्ट्यांवर शेजारी तक्रार करतात. आम्ही काय करावं?"

हेंकने थोडा विचार केला. "कुकरमध्ये जे शिजतं ते त्यांना कधी खायला दिलंत?"

"नाही."

"मग द्या."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेला प्रसाद माझ्या कानात म्हणाला, "काय निकाल दिला. एका वाक्यात." प्रसाद झुइडासला, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमच्या बड्या ऑफिसांच्या भागात, एका मोठ्या कंपनीत सल्लागार आहे, त्याला साधं काही विचारताच येत नाही. तो उठून इंग्रजीत म्हणाला, "सर, जो पुन्हा पुन्हा घसरतो, त्याच्याबद्दल तुमचं धोरण काय?"

हेंकचा चेहरा उजळला. अखेर त्याच्या विषयातलं काहीतरी आलं होतं.

"आधी थोडं तेल द्यायचं," तो म्हणाला. "मग आवळायचा. तरी घसरला, तर ओढत बसू नये. सरळ बदलून टाकायचा."

प्रसादने ते फोनवर टिपून घेतलं.

मी आता रंगात आलो होतो. पडद्यावर मतपत्रिकेचं चित्र लावलं, लेझरचा लाल ठिपका फिरवला आणि म्हटलं, "तर मंडळी, एक गोल इथे आणि दुसरा गोल न्यायमूर्तींसाठी इथे." हेंकला कळावं म्हणून तेच डचमध्ये सांगितलं.

हेंक शालीसकट उठला.

"दोन? नाही, नाही. एकच. दोन रंगवले तर मत बाद."

"पण रेख्तरसाठी वेगळा नको का?"

"कुठला रेख्तर?"

"तुम्ही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग पडद्याकडे, मग खांद्यावरच्या शालीकडे. त्याने उजवा हात वर केला आणि डाव्या हाताने तो दाखवत, लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं, "रेख्तर. उजवा. उजवा रकाना. न्यायाधीशांना इथे कोणी मत देत नाही, त्यांची नेमणूक होते. मी सायकली दुरुस्त करतो."

मी लेझर बंद केला. हसं होईल, होऊ दे. पण ते पत्रक दोन गावांत फिरत होतं. माझ्यासारखेच पहिल्यांदा मत देणारे कितीतरी लोक, पाच-पाच वर्षं थांबून मिळालेलं मत माझ्या शब्दावर बाद करून येणार होते.

हेंकनेच वेळ निभावून नेली. त्याने बादली पुढे ओढली, ट्यूब पाण्यात बुडवली आणि म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला पंक्चर शिकायचंय." आणि त्याने खरोखर शिकवलं. जाताना म्हणाला, "आणि हो, मला मत देऊ नका. मी यादीत सगळ्यात खाली आहे. मित्राने गळ घातली म्हणून नाव दिलं, बस."

तो गेल्यावर नेहा म्हणाली, "मला मत देऊ नका म्हणणारा उमेदवार तुम्ही कधी पाहिलात?" सगळ्यांनी माना हलवल्या. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मी फोन नंबर गोळा करत होतो.

पुढचे दहा दिवस मी एकेकाला फोन केले. मेसेजवर माझा विश्वास उरला नव्हता. "एकच गोल. दोन रंगवू नका." पलीकडून ठरलेला प्रश्न यायचा, "बरं, एकच. पण कोणाचा?"

"तुम्हाला पटेल त्याचा."

"आम्ही कोणाला ओळखतो? तुमच्या पत्रकात तर पाचच माणसं होती."

चौदा पानं लिहिली, पण बाकीच्या रकान्यांतलं एक नाव मी वाचलं नव्हतं. ती मंडळी काय म्हणतात, शाळांचं काय करणार, बसचं काय करणार, काही नाही.

"तो कुकरवाला निकाल ज्याने दिला, त्यालाच देतो मग," लोक म्हणायचे. "बायकोलाही सांगतो." फोन ठेवता ठेवता कोणी म्हणायचं, "पंक्चरही छान शिकवलं म्हणे."

मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर गेलो. पडद्याआड उभा राहिलो, सतरंजी उलगडली, लाल पेन्सिल हातात घेतली. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. सगळी परकी नावं. शेवटी मीही हेंकचाच गोल रंगवला. बाहेर पडताना वाटलं, चला, निदान माझं मत बाद तरी नाही झालं.

निकालानंतर दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. हेंक उभा होता. शेजारी त्याची बायको, तोंड एवढंसं करून.

"निवडून आलो," हेंक म्हणाला. कोणी गेल्याची बातमी सांगावी तसं.

इथला नियम असा, की यादीला जागा मिळाली आणि खालच्या माणसाला स्वतःच्या नावावर पुरेशी मतं पडली, तर तो वरच्यांना ओलांडून थेट सभागृहात जातो. आमच्या लोकांनी ती पुरेशी पाडली होती, आणि यादीला जागा एकच मिळाली होती. दोन वर्षं या निवडणुकीसाठी राबलेल्या पोहण्याच्या बाई घरी बसल्या होत्या. आणि हेंक हेही दुकान मेहुण्याला देऊन सप्टेंबरमध्ये राहण्याची सोय असलेली कॅम्पर गाडी घेऊन बायकोबरोबर पोर्तुगालला निघणार होता.

"राजीनामा नाही का देता येत?" मी कसंबसं विचारलं.

"एवढ्या लोकांनी विश्वास ठेवलाय," हेंक म्हणाला. "त्यांना काय सांगू?"

"चार वर्षं," त्याची बायको म्हणाली. माझ्याकडे बघून. फक्त एवढंच.

तर मंडळी, उइटहॉर्नमध्ये न्यायाधीश निवडून येत नाही, हे मला आता पाठ झालंय. पण एका निरपराध माणसाला, त्याचं म्हणणंही ऐकून न घेता, चार वर्षांची शिक्षा मात्र मी सुनावून मोकळा झालो.