बॅगवाल्याची सकाळची फेरी

बॅगवाल्याला त्याची बायको रोज सकाळी घराबाहेर काढते आणि जेवायच्या वेळेला परत घेते, अशी कुजबुज गल्लीत वर्षभर चालू होती. पुरावाही भरभक्कम. सकाळी दार उघडायचं, भली थोरली बॅग ओढत हा बाहेर पडायचा आणि दुपारी तीच बॅग घेऊन, मान खाली घालून, घामाघूम परत.

"आज कुठवर?" समोरचा शिंपी गालातल्या गालात हसत विचारायचा.

"चढापर्यंत."

"मग लवकर माफी मिळाली म्हणायची."

हा बॅग ओढत आत शिरायचा. आणि गप्प माणसाबद्दल बोलायला लोकांना भारी हुरूप येतो.

आता आतली गोष्ट. कारखान्यात वडिलांच्या नावाच्या बॅगा छताला टेकल्या होत्या आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. परदेशी बॅगा निम्म्या भावात मिळत होत्या. अशात तिकडचाच एक व्यापारी आला, शिवण बघून खूश झाला. म्हणाला, शिवा तुम्ही, नाव आमचं लावू. बॅगवाला लगेच पाघळला. वहिनी मात्र भडकल्या. (बॅगवाल्याच्या बायकोला गल्ली वहिनी म्हणते, तेही जरा दबकूनच.)

"मामंजींचं नाव उसवून परक्याचं टाचणार? आणि उद्या त्याला तुमच्याहून स्वस्त शिवणारा भेटला की?"

"मग करू काय मी?"

"ते तुमचं तुम्ही बघा. नाव जाता कामा नये."

म्हणजे स्वतःच्या नावाने विकावं तर कारखान्याला कुलूप, दुसऱ्याच्या नावाने शिवावं तर घराच्या दाराला. शेवटी त्याने एक परदेशी बॅग टेबलावर घेऊन टराटरा उसवली. कापड एका देशाचं, चेन दुसऱ्याची, मूठ तिसऱ्याची. अख्खी बॅग कुणीच करत नव्हतं. जो तो आपला तुकडा धरून बसला होता.

"मग आपला तुकडा कुठला?" वहिनींनी विचारलं.

"चाक. शिवणारे पैशाला पासरी, पण मोडतं ते चाक. आणि ते सगळ्यांनाच लागतं. कालचे वैरी उद्याचे गिऱ्हाईक."

चाकाचं त्याच्या डोक्यात कसं आलं, ते शेवटी येईलच.

"आणि नाव?"

"चाकावर. आसाजवळ, रस्त्याला लागणार नाही असं."

वहिनी जराशा विरघळल्या. पण चाक टिकायला तर हवं. म्हणून बॅगेत विटा भरून फेऱ्या सुरू झाल्या: खडीवरून, चढावरून, गटाराच्या जाळीवरून, देवडीच्या पायऱ्यांवरून. चाक फुटलं की साचा बदलायचा. मान खाली असायची, कारण नजर चाकावर असायची. वर्षभराने एक चाक काही केल्या फुटेना. तोच व्यापारी परत आला, पाठोपाठ त्याचे प्रतिस्पर्धीही आले. शिवणारे कारागीर साच्यांवर बसले आणि छताखालच्या बॅगा नवी चाकं लावून हळूहळू खपल्या.

हल्ली वहिनी प्रवासाला निघाल्या की बॅगवाल्याला घाम फुटतो. दिसेल त्याची बॅग त्या आडवी करतात.

"अहो बाई, माझी आहे ती."

"थांबा हो जरा. सासऱ्यांना भेटतेय."

आता त्या कुजबुजीचं. विटांची फेरी दुसऱ्या दिवसापासूनची. पहिल्या दिवशी वहिनींनी त्याला खरंच घराबाहेर काढलं होतं. गल्लीच्या वळणावर बॅगेचं चाक निखळलं, म्हणून तो परत आला.