फोनाले दाखवलेलं बोंड

कोरोना झाला अन् आमच्या मालकाले धामणगावहून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. मले संग येऊ दिलं नाही. पोरगा म्हणाला, रोज मोबाइलवर बोलणं करून देतो. मले फोन लावता येत नव्हता, उचलता बी येत नव्हता. सारा भरवसा त्याच्यावर.

पह्यल्या दिवशी आम्ही खरंच बोललो. मी रागावली, ते हासले. मंग रोज सांजच्याले पोरगा फोन समोर धरे. ते पुसत, जेवली का, कपाशीची बोंडं फोडून पाह्यली का. मधात दम घ्यायले थांबत, तेवढ्यात मी उत्तर देऊन टाकायची.

बोंडाचं त्याईचं बरोबर होतं. बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हणून ते बियाणं पेरलं, अन् त्यानंच दगा दिला. वरून बोंड हिरवंगार, आत गुलाबी अळी. म्हणून वावरात गेलं की बोंडं फोडून पाहा लागते. मी फोडली. अळी निघाली. ते बोंड पदरात बांधून आणलं अन् सांजच्याले फोनापुढं धरलं.

"पाहा, लागली. आता फवारा कोणता मारू?"

ते म्हणाले, "बोंडं फोडून पाह्यली का?"

असा राग आला मले! म्हटलं, मंग हातात काय धरलं म्या? बोंड अजून पुढं नेलं, पार काचेले टेकवलं. त्याईची नजर हालली नाही. माहं बोट लागलं अन् ते तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. मांगं चुलीपाशी सून रडायले लागली.

व्हिडिओ होता तो, नर्सबाईनं धाडलेला. माणूस कवाच गेला होता, तिकडंच जाळूनही झाला होता.

"तुह्या बीपीचं भेव वाटलं, माय," पोरगा म्हणाला.

बीपी म्हणे! माहा नवरा मेला अन् मलेच सांगितलं नाही. गल्लीतल्या साऱ्या बायाईले माहीत होतं. दारातूनच बोलत, माह्या कुंकवाकडं पाहत अन् निंगून जात. मी येडी रोज आरशात पाहून ते लावून राह्यली होती. लोक म्हणतात, पोरानं मायेपोटी केलं. मी म्हणतो, फसवलं. त्याईचं तोंड पाहायचा, रडायचा माहा हक्क त्यानं खाल्ला.

आता माह्यापाशी माहा फोन हाय. हट्टानं शिकली. पोरगा कामाले अकोल्याले असते. त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी पह्यले त्याले हात वर कराले लावतो. त्याले राग येते. येऊ दे. हात वर केल्याबिगर मी त्याच्याशी बोलत नाही.