ओली निशाणं

सूनबाईंनी गॅलरीत ओला टॉवेल वाळत घातला. बाहेर नारळाच्या झावळ्या हलत होत्या, टॉवेल मात्र जड होऊन लोंबत होता. तो पाहिला आणि मुलुंडच्या डोंगराखालचं नेमबाजीचं मैदान आठवलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून तिथे लाल निशाणं लावायचे. संघाच्या निवडीच्या आदल्या संध्याकाळी मी ती हौसेने धुतली आणि सकाळी ओलीच टांगली. पहिली पाळी माझ्या मित्राची, वसंताची होती.

"वारा पडलाय रे, झकास!" निशाणांकडे बघत पालथ्या पडलेल्या वसंताने सरळ नेम धरला.

मी मागे उभा होतो, माझ्या गालाला वारा लागत होता. पण संघात जागा एकच उरली होती. मी गप्प राहिलो. त्याच्या गोळ्या बाजूला गेल्या. माझ्या पाळीपर्यंत निशाणं वाळून फडफडायला लागली होती.

"हात थरथरला यार," तो म्हणाला. त्यानंतर त्याने रायफल उचलली नाही.

वसंता गेला. परवा त्याच्या नातवाने हसत विचारलं, "आजोबांचा हात थरथरायचा ना?" मी नुसती मान डोलावली. आता फार थकलोय, पण त्या पोरासाठी एवढं लिहितो: त्यांचा हात थरथरला नव्हता. निशाणं ओली होती, आणि ते मला ठाऊक होतं.