हारले त्यांनी वाढायचं

शत्रूला माफ करावं असं कीर्तनकार सांगतात. त्यांना कधी कोणी टीममधून काढलेलं नसतं. मला काढलं होतं, माझ्या उस्तादांना माझ्या आधी काढलं होतं, आणि ज्यानं काढलं त्याची जिरवल्याशिवाय दाढी करणार नाही असं मी घरी सांगून टाकलं होतं. आई म्हणाली, "नोको करू. तुले शोभते बी."

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात एका कापसाच्या बाजारगावी जिनिंग फॅक्टरी होती आणि त्या फॅक्टरीची हॉकीची टीम होती. टीममध्ये घेतलं की फॅक्टरीत नोकरी मिळे. मी धामणगाव बढ्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. कागदावर मी काट्यावर कापूस तोलत होतो, पण पगार सेंटर फॉरवर्डचा आहे हे हमालांनाही ठाऊक होतं. सकाळी हॉकी, मग काटा, चार वाजले की पुन्हा हॉकी. अंगाला सरकीचा वास इतका मुरला होता की घरी गेलो की म्हैस हुंगायला यायची.

ही टीम उस्तादांनी उभी केली होती. उस्ताद रोहिणखेडचे. पलटणीत हॉकी खेळून आलेले, दाढी पिकलेली, आणि आवाज असा की मैदानात बोलले तर बाजारात गिऱ्हाइकानं मान वळवावी. शिट्टी त्यांनी कधी हातात धरली नाही. गोलपोस्टच्या बाजूला कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ ते उभे राहत. चेंडू रेषेबाहेर जाणार आहे हे त्यांना आमच्या आधी दिसे, आणि ते ओरडत, "छोड़!" ऐकलं की फुलबॅकनं स्टिक उचलायची आणि चेंडू जाऊ द्यायचा. विचार करायचा नाही. जो विचार करी तो मैदानाला फेऱ्या मारी.

आमचा फुलबॅक गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होता. बाप लहानपणीच गेलेला. त्याला स्टिक धरायला उस्तादांनी शिकवलं आणि ईदचा पहिला शीरखुर्मा त्यांच्या घरी तोच खायचा. उस्तादांचा शब्द त्याच्या अंगात इतका भिनला होता की एकदा जेवताना उस्ताद दुसऱ्याच कोणाला "छोड़ यार" म्हणाले, तर या गड्यानं हातातला पाण्याचा गडू सोडला. आम्ही हसून हसून मेलो. तोही हसला.

मग नवा मॅनेजर आला. पुण्याकडचा, कडक इस्त्रीचा. आमची भाषा ऐकली की त्याच्या नाकाला घाम यायचा. पहिल्याच आठवड्यात तो मैदानावर आला, उस्तादांचं ओरडणं ऐकलं आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "आरडाओरडा म्हणजे कोचिंग नव्हे. आपण काय इथे गुरं हाकतोय?" दुसऱ्याच महिन्यात नवा कोच आणला. त्याच्या गळ्यात शिट्टी. उस्तादांना उद्यापासून येऊ नका म्हणून मैदानातच सांगितलं, आणि फाटकावरच्या चौकीदाराला, याला आत सोडू नको म्हणून बजावलं. ज्या फाटकातून उस्ताद इतकी वर्षं ये-जा करत होते त्याच फाटकावर!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं झालो, "साहेब, ही टीम त्याहीनं बनवली. तुमी आले काल."

"तुम्हालाही त्यांच्याबरोबर जायचं असेल," मॅनेजर म्हणाला, "तर फाटक उघडंच आहे."

मी गेलो. दुसरं कोणीच आलं नाही. फुलबॅक खाली मान घालून बुटाच्या टोकानं माती उकरत उभा होता. त्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती, मला माहीत होतं, तरी रस्ताभर मी त्याला शिव्या घातल्या. उस्ताद सायकल हातात धरून चालत होते. गावाबाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "गुरं म्हणला बे तो. माझ्या पोट्ट्यायले गुरं म्हणला."

धामणगावला आम्ही टीम बांधली. कास्तकारांची पोरं, दोन व्यापाऱ्यांची, एक शिंप्याचा. खळ्याची जागा मोठी होती, ती ठोकून ठोकून मैदान केलं. काळ्या मातीला भेगा पडायच्या, त्यात आम्ही मुरूम भरायचो. उस्ताद रोज रोहिणखेडहून सायकल मारत यायचे. गावचे म्हातारे म्हणायचे, एवढा जीव शेतात लावला असता तर सोनं पिकलं असतं. लावायचाच नव्हता शेतात! मला सोनं नको होतं, मला तो मॅनेजर पाहिजे होता.

तो कसा मिळणार हे मी आधीपासून ठरवलं होतं. फॅक्टरी दर हिवाळ्यात टूर्नामेंट भरवायची. फायनल झाली की मैदानातच पंगत बसायची. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. आणि त्या पंगतीचा एक जुना रिवाज होता. जिंकले त्यांनी मांडी घालून जेवायचं, हारले त्यांनी वाढायचं. नुसत्या खेळणाऱ्यांनी नाही, कोचनंही, आणि टीम ज्याची त्यानंही. जिंकल्यावर माज चढू नये आणि हारल्यावर कोणी तोंड लपवून पळू नये म्हणून जुन्या लोकांनी हे घालून दिलं होतं. फॅक्टरी कायम जिंकायची. म्हणून फॅक्टरीचा मॅनेजर, जो असेल तो, दर साली मांडी घालून बसायचा आणि खेड्यापाड्याचे कोच त्याच्या ताटात वाकून भाजी वाढायचे. दुसऱ्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो.

आदल्या दिवशी उस्तादांनी आम्हाला खळ्यावर बसवलं. भाषण नाही, काही नाही. म्हणाले, "हारलो तर मले त्याच्यासमोर भाजीची बाल्टी घेऊन वाकाव लागते. मैं मर जाऊंगा, लेकिन बाल्टी नहीं उठाऊंगा. समजलं का?" आम्ही सगळे एका आवाजात "हाव" म्हणालो. मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "अन् जिंकलो तर साब के हाथ का बैंगन खाएंगे." त्यांचे डोळे असे काही चमकले की माझ्या अंगावर काटा आला. लोक म्हणतात म्हातारपणी राग निवतो. कुठला निवतो! विस्तवावर राख बसते एवढंच.

फायनलला सगळा बाजार लोटला होता. फाटकावर तोच चौकीदार. उस्तादांना पाहून त्यानं सलाम ठोकला आणि बाजूला झाला, कारण आज ते पाहुण्या टीमचे कोच होते. आत फॅक्टरीची टीम उभी होती. माझेच दोस्त, माझ्याच टीमचे. कोणी हात हलवला, कोणी नजर चुकवली. फुलबॅक धावत आला, उस्तादांच्या पायाला हात लावला. उस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याच्याशी बोललो नाही. "काऊन बे, बोलत बी नाही का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "पंगतीत बोलू. तू वाढशील तवा."

खेळ काही आमच्या बाजूनं नव्हता, खरं ते सांगतो. त्यांच्या स्टिका चांगल्या, दम चांगला, आणि कोच शिट्टीवाला असला तरी मुळातलं शिक्षण उस्तादांचं. आमचा शिंप्याचा पोरगा गोलकीपर होता, त्या दिवशी त्याच्या अंगात आलं होतं म्हणून वाचलो. मी दोनदा डीमध्ये, गोलपुढच्या अर्ध्या वर्तुळात, घुसलो, दोन्ही वेळा फुलबॅकनं माझ्या स्टिकवरून चेंडू असा काढून नेला की जसं लहान पोराच्या हातून खेळणं. लोक हसले. मॅनेजर खुर्चीत टाळ्या वाजवत होता. मी दातओठ खात होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर उस्तादांच्या हातातली बाल्टी दिसत होती.

दुसरा हाफ संपत आला, गोल कोणाचाच नाही. तेवढ्यात मी पाहिलं, उस्ताद आमच्या बाजूच्या खुर्चीवर नाहीत. ते मैदानाला वळसा घालून फॅक्टरीच्या गोलपोस्टकडं, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ जाऊन उभे राहिले होते. हात मागं बांधलेले. मला वाटलं, जुनी सवय.

आमच्या एका पोरानं उजवीकडून लांब चेंडू मारला. तो डीमध्ये, गोलच्या अंगानं रेषेकडं चालला होता. फुलबॅक त्याच्यावर आला. मी मागं, हातभर मागं, काही पोचत नव्हतो. त्यानं स्टिक खाली घातली, आता तो चेंडू मारून पार मैदानाच्या मध्यावर पाठवणार.

"छोड़!"

सगळ्या मैदानावर तो आवाज घुमला. फुलबॅकची स्टिक वर गेली. त्यानं विचार केला नाही. विचार करायचा नसतो हेच त्याला शिकवलं होतं. चेंडू त्याच्या पायाजवळून निघाला, रेषेपर्यंत पोचायच्या आत मी त्याच्यावर होतो. मारला. गोलकीपरही फुलबॅककडंच बघत राहिला होता.

मग काय विचारता! बोंबाबोंब, टोप्या हवेत, आमचे म्हातारे मैदानात. मॅनेजर अंपायरवर धावून गेला. अंपायर म्हणाला, साहेब, कोचनं ओरडू नये असा नियम मला दाखवा. उस्ताद शांतपणे झेंड्याजवळून परत येत होते. माझ्या बाजूनं जाताना हळूच म्हणाले, "आवाज पे सिखाया था. आवाज पे गया." गुरं हाकतो म्हणाला होता ना तो मॅनेजर! घे आता. मी बोंबललो, नाचलो, मैदानाची माती कपाळाला लावली. उरलेला वेळ आम्ही नुसता चेंडू बाहेर मारून काढला.

पंगत बसली. आम्ही मांडी घातली, मध्ये उस्ताद. आणि बघतो तर मॅनेजर सवयीनं येऊन पंगतीतच बसला, माझ्या शेजारी! वर म्हणतो, "छान खेळलात. पुढच्या वर्षी आमच्याकडे या." मला हसूच आलं. मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं, "साहेब, हारले त्याहीनं वाढाव लागते. उठा."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. सगळा बाजार बघत होता, फॅक्टरीला कापूस घालणारे अर्धे शेतकरी तिथंच उभे होते. तो उठला. कोणीतरी त्याच्या हातात भाजीची बाल्टी दिली. इस्त्रीच्या पँटीवर रस्सा सांडत सांडत तो उस्तादांसमोर आला आणि वाकला. उस्तादांनी ताट पुढं केलं. एक डाव वाढला. उस्ताद म्हणाले, "और." आणखी एक. "और." तिसरा. ताटात वांगी मावेनात. जन्मात मी इतकं गोड काही पाहिलं नाही, आजही सांगतो. दाढी करायला माझी हरकत उरली नव्हती.

मॅनेजर पुढं सरकला आणि त्याच्या मागून रोडग्यांची टोपली घेऊन फुलबॅक आला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्यानं रोडगा कुस्करला, त्यावर तुपाची धार धरली, आणि खाली वाकून, फक्त उस्तादांना ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, "उस्ताद, तुमी छोड म्हणले, म्या सोडलं. पर तो चेंडू बाहेर जातच होता नं? साहेब मले पैसे खाल्ले म्हणून राह्यले. तुमी सांगा त्याहीले. तुमी सांगसान त खरं वाटन."

उस्तादांचा घास हातातच राहिला. ते त्याच्याकडं बघेनात. मीही बघेना. मग उस्तादांनी जवळची जागा हातानं झाडली आणि कसंबसं म्हणाले, "बस बेटा. इथं बस. माझ्या ताटात खा."

"कसा बसू उस्ताद?" तो म्हणाला. "आज आमी हारलो." आणि टोपली उचलून माझ्यासमोर आला, वाकला, आणि मला वाढू लागला.