अर्ध्यावर थांबलेलं पुस्तक

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. काच चाकावर धरायची, कड झिजवायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, नाही बसली की पुन्हा चाकावर. बावीस वर्षं हेच. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. दिसायची ती काउंटरवरची तिची मैत्रीण. तिला मी काउंटरमावशी म्हणायचे. आवाज असा, जणू बासरीला सर्दी झालीय. "अहो, ही फ्रेम तुमच्या चेहऱ्यासाठीच बनलीये," असं ती भोपळ्याएवढ्या तोंडालाही म्हणायची, आणि भोपळा खूश होऊन जायचा.

जेवणाच्या सुट्टीत दोघी मिळून एकच रहस्यकथा वाचायच्या. एक पान ही, एक पान ती, मोठ्यांदा. नियम एकच. पुस्तक बरोबर अर्ध्यावर आलं की थांबायचं, दोघींनी आपापला संशयित सांगायचा, मगच पुढचं पान.

सहा वर्षांपूर्वी काउंटरमावशी मुलाकडे दूरच्या गावी राहायला गेली. तिकीट दोन महिने आधी काढलेलं. आत्याला सांगितलं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी. आत्या नुसतं "बरं" म्हणाली. तिकडून चार फोन आले, ते तिने उचलले नाहीत. मग तेही थांबले.

परवा मी डबा द्यायला गेले, तर आत्याच्या मांडीवर जाडजूड पुस्तक. तळ्याकाठच्या घरात जमलेले चार जुने मित्र, आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दडलेलं.

"कुठवर आलं?"

"एकशे अठ्ठेचाळीस. अकरा वेळा चहा झालाय, खून अजून नाही. एवढ्या वेळात गोगलगाय बाजारात जाऊन आली असती."

"मग वाच की पुढे."

"अर्धं झालंय ना." ती पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तीन आठवडे झाले."

मला राहवेना. नाक जरा चोंदवलं, काउंटरमावशीसारखी मान तिरकी केली. "अगं ए काचवाले, सांग की, कोणावर आहे तुझा डोळा?"

आत्या आधी हसली. मग म्हणाली, "पुन्हा बोल."

मी बोलले.

"त्यातल्या डॉक्टरवर. फार गोड बोलतो मेला. आणि तुझा?"

"माझा चौघांवर गं. सगळ्यांना सगळं माहितीये, नि सगळे मिठाची गुळणी धरून बसलेत."

आत्यानं चष्मा काढला. "जातेयस, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

प्रश्न मला नव्हताच. मान तिरकी ठेवून मी उत्तर शोधत होते. त्या आवाजात एकही वाक्य सापडेना.

"आत्या, हे मला नाही येत गं."

"तुला कसं येईल," ती म्हणाली. मग फोन काढला. नंबर तोंडपाठ होता. लावून स्पीकरवर टाकला.

पलीकडून "हॅलो" आलं आणि मी ओशाळले. माझी नक्कल सहा वर्षं जुनी होती. हा आवाज बारीक, दोन शब्दांमध्ये दम खाणारा.

"मी बोलतेय," आत्या म्हणाली. मग तोच प्रश्न विचारला.

"तू थांब म्हणाली असतीस," पलीकडून आलं. "मग मी थांबले असते."

आत्यानं चष्मा पुन्हा चढवला.

"सुट्टी किती उरलीये तुझी?" पलीकडून विचारलं.

"वीस मिनिटं."

"हातात काय आहे?"

"आहे एक. रडतखडत चाललंय."

"मग वाच ना."

आत्यानं पानं उलटत उलटत पहिलं पान काढलं आणि मोठ्यांदा वाचायला लागली. मालकांनी आत डोकावून कोणाच्या तरी काचा मागितल्या. आत्यानं हातानंच थांबा म्हटलं.