हळदीचं बूच

गोदाबाई माणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, आधी कान. वसमतच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ओळख व्हायच्या आत त्यांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, मागचं हाड अंगठ्यानं दाबलं आणि विचारलं, "दुखतंय का?" नाही म्हणालो. "मंग बसा," म्हणाल्या आणि झाडू उचलून चालत्या झाल्या. सरकारी नोकरीत माझं झालेलं स्वागत एवढंच.

त्या तिथे आया होत्या. मूळच्या कुरुंद्याच्या. कुरुंद्याला आबासाहेब नावाचे बडे जमीनदार होते आणि वाहता कान बंद करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असा लौकिक होता. बाजाराच्या दिवशी ते ओट्यावर बसत आणि बायका लेकरं घेऊन रांग लावत. घरच्या शेतातली हळद, चुना आणि तेल मळून घट्ट गोळी करायची आणि ती बुचासारखी कानात ठासून बसवायची. गोळी दगडासारखी वाळे, पू यायचा थांबे आणि लेकरू बरं झालं म्हणून बाई आबांच्या पाया पडून जाई. हळदीच्या मुलखात हळदीवर शंका घेणार कोण? त्यात आबा हे सगळं फुकट करत. फुकटात उपकार करणाऱ्याला जाब विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

गोदाबाईंचा पाच वर्षांचा किसना असाच 'बरा' झाला. आठव्या दिवशी कानामागे लिंबाएवढी सूज आली, ताप डोक्यात चढला आणि लेकरू गेलं. "तिच्या नशिबात नव्हतं," आबा ओट्यावरूनच म्हणाले. नवरा आधीच वारलेला. बाई वसमतला आल्या आणि दवाखाना झाडू लागल्या. काहून, असं मी एकदा विचारलं.

"माह्या लेकराला नशिबानं मारलं का बुचानं, ते पक्कं करायचं हाय," त्या म्हणाल्या.

ते पक्कं झालं माझ्यासमोरच. आमचे डॉक्टर हैदराबादचे. एका पोरीचा कान धुताना ते मला समजावत होते, की पू वाट शोधतो. बाहेरची बुजवली तर हाड पोखरून मेंदूकडे जातो. गोदाबाईंनी विचारलं, "अन् उघडा ठेवला असता तर?" डॉक्टरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. "तो शायद बच जाता," म्हणाले. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आबा चार लोकांत म्हनल, माहं चुकलं. तवर मी सोडत न्हाई."

पुढे नवी औषधं येऊ लागली. आधी सल्फाच्या गोळ्या आल्या, दुसरं महायुद्ध संपल्यावर पेनिसिलीनची सुई. ज्या कानापुढे आम्ही हात टेकायचो, ते कान डोळ्यांदेखत सुकू लागले. दरवेळी गोदाबाई बाटली हातात घेऊन विचारायच्या, "हे किसनाच्या येळंला व्हतं का?"

"तेव्हा निघालंच नव्हतं, गोदाबाई."

"निघायला काहून येळ लावला मंग?" जणू मीच शोध लावायचा सोडून झोपलो होतो.

आणि एक दिवस आबांचीच बैलगाडी दवाखान्यासमोर थांबली. मांडीवर नातू, कानात पिवळं बूच, कानामागे सूज. कान तपासताना लेकरं हातपाय झाडत; ती फक्त गोदाबाईंच्या मांडीवर गप्प राहत. डॉक्टरांनी हाक मारली. गोदाबाई भिंतीला टेकून उभ्याच.

"गोदे, धर ना लेकराला," आबा म्हणाले.

"आदी बोला. किसनाला कोनं मारलं?"

व्हरांड्यात आबांची कुळं बसली होती. आबांची नजर तिकडे गेली आणि त्यांनी मान खाली घातली. पोरगं किंचाळत होतं. "गोदाबाई, जल्दी करो!" डॉक्टर ओरडले. बाईंनी आबांकडे एकदा पाहिलं, पुढे झाल्या आणि पोराचं डोकं मांडीवर घेतलं. बूच निघालं, कानामागे चीर दिली, घळघळा पू आला. दर तीन तासांनी सुई होती. एकही सुई त्यांनी चुकू दिली नाही. मला वाटलं, बाईचं मन पाघळलं. तसं म्हणालोही.

"ह्यो जगला पायजे," त्या म्हणाल्या. "साक्षीदार हाय माहा."

पोरगं खडखडीत बरं झालं. मग सुट्टी घेऊन गोदाबाई दर बाजारी कुरुंद्याला जाऊ लागल्या. ओट्यासमोर फडकं अंथरायच्या, त्यावर ते बूच ठेवायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगायच्या, "हे आबाच्या सोताच्या नातवाच्या कानातलं. दवाखान्यात काडलं. इचारा त्याला." रांग रोडावत गेली. एकदा मी मुद्दाम पाहायला गेलो. आबा हळदीची वाटी पुढ्यात घेऊन एकटेच बसले होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. सुई द्यायला मला बोलावलं, गोदाबाईंना घेऊन या असाही निरोप होता. बाजाराचाच दिवस होता. आतल्या खोलीत आम्ही तिघंच. आबा पुटपुटले, "गोदे, माझं चुकलं."

पंधरा वर्षं ज्यासाठी काढली, ते हेच. बाई वाकल्या, सवयीनं आबांची पाळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "मला न्हाई ऐकू आलं. बाज वट्यावर घ्यायला लावा. तिथं म्हना."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी ते गेले.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "म्हातारा मरणाच्या दारात होता. ऐकून घ्यायचं होतं."

"बूच मारलं वट्यावर, शंभर मानसांत. अन् चुकी सांगायला कोपरा?" पदराची गाठ चाचपत त्या म्हणाल्या. बूच तिथंच होतं.

पुढच्या बाजारी त्या पुन्हा फडकं घेऊन निघाल्या. आता कोणासाठी, मी विचारलं.

"आबा गेला," त्या म्हणाल्या. "वटा हाय ना अजून."